खाली काय लिहिशील?

सेलू, ११ जानेवारी

शिवा,

आशीर्वाद आहेत आणि रागही आहे. दोन्ही एकाच पाकिटात घालते, तू तुझं वेगळं करून घे.

फोन करत नाही. फोनवर तू मधेच बोलतोस, मग मी बोलते, मग दोघंही ओरडतो आणि तुझे दाजी दुकानातून मान वाकडी करून बघतात. कापड घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही बघतं. पत्रात कसं, तुला माझं सगळं ऐकून घ्यावंच लागतं.

परवा शिवरंजनी परभणीहून परीक्षेपर्यंत अभ्यासाला घरी आली. पाय धुवायच्या आधीच तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "आई, मामाचा फोटो पुण्याच्या प्रदर्शनात लागलाय. मोठ्या बक्षिसासाठी निवडलाय." तिचा आवाज आनंदाचा होता की घाबरलेला, मला कळेना. कणकेचे हात पुसून मी बघितलं, तर अप्पा.

ओसरीत भिंतीला टेकून बसलेले. कपाळभर विभूती, गळ्यात बेलाची माळ, डाव्या तळहातावर इष्टलिंग आणि पापण्या त्याच्याकडं झुकलेल्या. दारातून आलेला उजेड अर्ध्या गालावर. खाली लिहिलंय, 'अप्पा, सकाळच्या पूजेत. चारठाणा.' त्याखाली लोकांनी काय काय लिहिलंय तेही तिनं वाचून दाखवलं. कुणी म्हणतं काय ही शांती, कुणी म्हणतं असं समाधान शहरात बघायला मिळत नाही. शिवा, मी तिला मोबाइल बंद करायला सांगितलं.

पुण्याच्या लोकांना कुठून माहीत असणार, की आपल्या लिंगायतांत माणूस पूजेला जसा बसतो तसंच त्याला गेल्यावरही बसवतात, हातात लिंग देऊन? त्यांची चूक नाही. तुला मात्र माहीत होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या सकाळी, अप्पा पूजेला बसले नव्हते. त्यांना आपण बसवलं होतं.

आणि पट्टी कुठं गेली रे? मान पुढं पडत होती म्हणून कपाळावरून पट्टी घेऊन मागच्या खुंटीला बांधली होती. बांधायला धाकटे काका उभे राहिले, पण त्यांना गाठ जमेना. मग मी माझ्या हिरव्या साडीचा काठ फाडला आणि मी बांधली. अप्पांच्या उजव्या कानावर गाठ आली. लहानपणी शिवरंजनीच्या वेणीला रिबीन बांधायची तशीच बसली, सवयीनं. ती पट्टी तू फोटोतून पुसून टाकलीस. इतक्या सफाईनं पुसलीस की तिथं आता नुसती विभूती दिसते.

फोटो वाईट आहे असं मी म्हणत नाही. खोटं कशाला बोलू, फार सुंदर आहे. अप्पांचा हात तर असा आलाय की धरावासा वाटतो. आणि हेही विसरले नाही, की तू त्या दिवशी दाराशी कॅमेरा गळ्यात घालून नुसता उभा होतास आणि मीच तुला म्हणाले होते, "काढ शिवा, काढ." जन्मभर त्यांनी तुला काढू दिला नव्हता. मला वाटलं, एक तरी तुझ्याकडं असू दे.

तुझ्याकडं असू दे, असं वाटलं होतं. आता तू काय ते कळव. आई माझ्याकडंच आहे, पण तिला अजून काही सांगितलेलं नाही.

तुझी
अक्का


सेलू, २४ जानेवारी

शिवा,

शेवटी तू फोनच केलास आणि शेवटी मी तो आपटलाच. दाजींनी दोन दिवस मला 'फोनवाली' म्हणून हाक मारली. आता शांतपणे लिहिते.

तुझं म्हणणं मी मनात परत परत घोळवलं. तू म्हणालास, पट्टी तू बक्षिसासाठी पुसली नाहीस. त्या आठवड्यातच पुसलीस, स्वतःसाठी, कारण पुण्याच्या खोलीत फोटो लावला आणि तुला ती पट्टी बघवेना. हे मला पटलं. खरं तर हे ऐकून मला इतकं भरून आलं की त्याच्या पुढचं मी नीट ऐकलंच नाही. पुढचं असं, की 'सकाळच्या पूजेत' हे तू लिहिलं नाहीस, प्रदर्शनवाल्यांनी तसं धरलं आणि तू नाही म्हणाला नाहीस. मग तू म्हणालास, "अक्का, त्यात खोटं काय आहे? अप्पा रोज असेच तर बसायचे."

असेच? शिवा, माझ्याशी बोलतोयस तू. अप्पांची पूजा मी बघितली नाही का? हातात लिंग, तोंडात मंत्र आणि एक डोळा आपल्या चारठाण्याच्या दुकानाच्या फळीवर! मधेच ओरडायचे, "उमे, दूध उतू जायलंय!" मधेच बाहेर उभ्या गिऱ्हाइकाला बोटानं थांब म्हणायचे. घाईत विभूती एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. लोक ज्या शांतीचं कौतुक करतात ती अप्पांची नव्हेच. ती त्यांना कुणी तरी दिलेली होती, आणि त्यांनी मागितलेली नव्हती.

तुझ्या लोकांना हे कळायला पाहिजे असं मला का वाटतं ते सांगते. तुला सरजाबाई आठवते ना, आपल्या घराच्या पलीकडची? तिची म्हैस मेली, ती दारात कपाळाला हात लावून बसली आणि तू फोटो काढलास. तुझा पहिलाच छापून आलेला फोटो. खाली काय आलं होतं? दुष्काळ. सगळ्या गावाला माहीत होतं की म्हशीला साप चावला होता. त्या साली तर पाऊसही बरा होता. सरजाबाई भांडली नाही, फक्त पुढं महिनाभर आपल्या दुकानाची पायरी चढली नाही. अप्पा स्वतः तिच्या दारात गेले, तुझ्या वतीनं हात जोडून आले. त्या रात्री जेवताना म्हणाले, "म्हशीला साप चावला अन् माझ्या लेकानं दुष्काळ लिवला." आपण सगळे हसलो. तू ताटावरून उठून गेलास.

त्यानंतर तू कॅमेरा वर केला की ते पाठ फिरवायचे. तुला वाटलं, ते तुझ्या कामाला नावं ठेवतात. तू पुण्याला निघालास त्या दिवशी एस.टी.ची वाट बघत तू पुन्हा एकदा विचारलंस. तेव्हा ते म्हणाले, "देवळांचे काढ की. चारठाण्यात देवळं काय कमी हायत? ती हलत न्हाईत अन् बोलत न्हाईत. मला काढून खाली काय लिवशील?"

तू उत्तर दिलं नाहीस. गाडी आली. त्यानंतर तू सणाला आलास, गेलास, पण तो प्रश्न तुम्हा दोघांच्या मधे तसाच राहिला. आता त्यांच्याखाली काय लिहिलंय ते बघ.

तू सांगितलंस की बक्षिसाचं पुस्तक निघणार आहे, मुखपृष्ठावर अप्पा असणार आहेत, आणि त्यात लिहायला सुकेशनी नावाची कुणी मुलगी आमच्याकडं येणार आहे. काही फेरफार केलेला फोटो त्यांच्यात चालत नाही, हेही तूच सांगितलंस. "फक्त म्हण, पूजेला बसले होते. आईलाही तेवढं सांगून ठेव. अक्का, वीस वर्षं मी या एका गोष्टीची वाट बघतोय."

शेवटचं वाक्य तू हळू बोललास. फोन मी त्यामुळं आपटला, तुझ्या रागानं नव्हे. तुझा तो आवाज मला सहन होत नाही, दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा.

मी तिला काय सांगेन, माझं मलाच ठरवता येईना. पण आईला मी काही शिकवणार नाही. तिच्या नवऱ्याबद्दल तिनं काय बोलावं हे आपण दोघांनी ठरवायचं, इतके मोठे आपण अजून झालो नाही.

तुझी
अक्का


सेलू, २ फेब्रुवारी, दुपार

शिवा,

तू फोन उचलत नाहीस. म्हणून हे लिहून झालं की शिवरंजनी पानांचे फोटो काढून तुला मोबाइलवर पाठवणार आहे. पत्र नंतर पोस्टात टाकेनच. घाईचं आहे, पण तरी शेवटपर्यंत वाच.

सुकेशनी सकाळच्या गाडीनं आली. मला वाटलं होतं, कुणी ताठ मानेची बाई असेल. निघाली पूर्ण्याची पोर, बोलणं आपल्यासारखंच. दारातच म्हणाली, "काकू, लय ऊन पडायलंय, आधी पाणी द्या." मला ती आवडली आणि तिथंच माझी पंचाईत झाली. आवडलेल्या माणसाशी खोटं बोलायला दुप्पट तयारी लागते.

हो, मी तयारी केली होती. मागच्या पत्रात तुला मोठ्या गप्पा सांगितल्या, पण रात्रंदिवस तुझा तो आवाज कानात होता. मी ठरवलं होतं की म्हणायचं. 'पूजेला बसले होते.' काय होतं तीन शब्दांनी? पोहे करताना दोनदा मनात म्हणूनही बघितलं. आईला आतल्या खोलीतच ठेवायचं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तिला त्रास नको, असं सांगायचं.

पण आई कुणाची ऐकते? पोह्यांचा वास आला, पाहुणीचा आवाज आला, भिंत धरत धरत ती बाहेर आली. एका डोळ्यानं आता बरं दिसतं, दुसऱ्याचं अजून करायचंय. येऊन सुकेशनीच्या शेजारी बसली, तिचं गाव विचारलं, जेवण झालं का विचारलं, पोह्यांवर खोबरं कमी पडलं म्हणून मला बोलली. मग सुकेशनीनं पिशवीतून तुझा फोटो काढला. मोठा, चांगल्या जाड कागदावर. आईच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "आजी, आजोबा रोज किती वेळ पूजेला बसायचे?"

मी तोंड उघडलं. 'पूजेला' एवढंच आलं.

आई फोटोवर वाकली. डोळा बारीक केला. मग बोटं फिरवली, कपाळावरून, कानाकडं. म्हणाली, "हे पूजेतले न्हाईत बाई. हे बसवलेले हायत."

शिवा, ती किती सहज म्हणाली तुला सांगता येणार नाही. तिला त्यात लपवण्यासारखं काय वाटणार? उलट कौतुकानं सांगायला लागली. "लय चांगले बसवले होते. आमच्या उमानं बांधलं. अय्या, आमचे जंगम गुरू, आले तेबी म्हणाले, असं नीट बसवलेलं कमी बघितलं." आणि मग पुन्हा कपाळावर बोट आणून मला विचारते, "उमे, पट्टी कुठं गेली गं? तुझी हिरवी?"

सुकेशनीनं पेन बंद केलं. मला वाटलं आता ही उठेल, काहीतरी लागेल असं बोलेल. तिनं आईचा हात फोटोवरून उचलला, आपल्या हातात धरला आणि म्हणाली, "आजी, मला सांगा की, कसे होते ते."

मग आईनं सांगितलं. तासभर तरी सांगत होती. दूध उतू जाण्याचं, गिऱ्हाइकाला बोट दाखवण्याचं, सगळं. हसली, रडली, पुन्हा पोह्यांवर आली. सुकेशनी एक अक्षर लिहीत नव्हती, नुसती ऐकत होती.

आई आत गेल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. मी आतून मोबाइल आणला आणि अप्पा गेले त्या आठवड्यात तू मला पाठवलेला पहिला फोटो काढून दिला, पट्टीचा. हे मी का केलं? रागानं नाही, तुझी शपथ. तुला कुणी नुसता खोटारडा समजावं हे मला सोसलं नसतं. खरं काय होतं ते निदान पूर्ण दिसू दे, म्हणून केलं.

गाठीवर बोट ठेवून तिनं फोटो मोठा केला. म्हणाली, "काकू, हा त्यांनी का नाही दिला? त्या मोठ्या फोटोत एक शांत माणूस हाय. ह्याच्यात त्याला धरून ठेवणारंबी कुणीतरी हाय." मी चहा आणायला म्हणून आत गेले आणि डब्यांच्या मांडणीपाशी उभी राहून रडले. दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, ती गाठ बांधताना मला काय झालं होतं.

जाताना तिनं स्पष्ट सांगितलं. "मला हे लपवता यायचं न्हाई. पण माझ्या तोंडून आधी जायला नको. त्यांनी स्वतः सांगावं. सोमवारपर्यंत मी कुणाला बोलत न्हाई."

तर असं आहे. सोमवारपर्यंत तुझं तुझ्या हातात आहे. बक्षीस जाईल, मला कळतं. वीस वर्षं काय असतात तेही कळतं, तुझे रिकामे डबे मीच भरून पाठवत होते. मी तुला कर म्हणत नाही, नको म्हणत नाही. अप्पांनी तुला एक प्रश्न विचारला होता, एस.टी.च्या थांब्यावर. एवढीच आठवण देते.

काही केलंस तरी तू माझा शिवाच आहेस. फोन उचल नाही तर नको उचलूस, पण जेव.

तुझी
अक्का


सेलू, २१ फेब्रुवारी

माझ्या शिवा,

तू काही कळवलं नाहीस. मला सुकेशनीनं फोन करून सांगितलं. तू सोमवारची वाटही बघितली नाहीस म्हणे, रविवारीच गेलास. सगळे परीक्षक बसले होते, तू उभा राहून बोललास. तिनं तुझे शब्द मला दोनदा सांगितले, मी दोनदा सांगायला लावले: "हे माझे वडील. हा फोटो काढला तेव्हा ते गेलेले होते. त्यांना माझ्या बहिणीनं बांधून बसवलं होतं, ती पट्टी मी पुसली. आणि मी त्यांना विचारलं नव्हतं."

बक्षीस गेलं, फोटो भिंतीवरून उतरवला, पुस्तकावर आता दुसऱ्या कुणाचं चित्र येणार. मोबाइलवर लोक तुला काय काय बोलतात ते शिवरंजनी मला दाखवत नाही, पण ती स्वतः त्यांच्याशी भांडत बसते हे मला माहीत आहे. जेवायला हाक मारली तर म्हणते, "थांब, एकाला उत्तर द्यायचंय." दाजी म्हणाले, तिला वकील करू.

मला वाईट वाटलं. तुझ्यासाठी खूप वाटलं, रात्री झोप नाही लागली. पण खरं सांगू का, त्याच्याखाली बरंही वाटलं. किती वर्षांनी तुझ्या तोंडून 'माझे वडील' ऐकलं, दुसऱ्याच्या फोनवरून का होईना. आईला मी सगळं सांगितलं. तिला बक्षिसाचं फारसं कळलं नाही. "उतरवला तर उतरवला, माझ्याकडं पाठवा म्हणाव, इथं लावते" एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "पट्टीचा पाठव म्हणाव."

तर तो पाठव. खाली काय लिहायचं ते तू ठरव. मी सुचवू का? काही लिहू नकोस, नुसतं नाव लिही. चंद्रप्पा. पुरे झालं.

आता मुख्य काम. पत्र त्यासाठीच आहे, वरचं सगळं मधेच आलं.

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मार्चमधली मिळालीय. आई घाबरत नाही, पण परवापासून तिनं एक हट्ट धरलाय. तिला तसबीर काढून घ्यायचीय, स्वतःची. दाजी म्हणाले, इथल्या स्टुडिओत नेऊ, मागं डोंगर, बर्फ, सगळं घालून देतो तो. तर आई म्हणाली, "मला कशाला बर्फात उभं करता? माझा लेक काय मेला का?"

मी म्हटलं, शिवा पुण्यात असतो, त्याला आता कॅमेरा धरावासा वाटतो की नाही देव जाणे. दोन वर्षं तो घराकडं फिरकला नाही. मग तिनं मला कागद घ्यायला लावला आणि म्हणाली, लिही, मी सांगते तसं लिही. म्हणून पुढचं तिचं आहे, मी एक अक्षर सुधारलेलं नाही:

"शिवा, मला इचारायची गरज न्हाई, मीच सांगायलेय, काढ. मी बोलत राहीन, गप बसायची न्हाई, तुला जमलं तर काढ. समोरचा दात न्हाई तो न्हाईच राहू दे. डोळ्यावर पट्टी असली तर पट्टीसकट काढ. पुसू नको काही. मला बसवायच्या दिवशी तू येशीलच रे, मला ठाव हाय, अप्पाच्या येळी आलास तसा पळत येशील. पण त्या दिवशी मी तुला जेवलास का म्हणून इचारू शकायची न्हाई. त्याच्या आधी ये."

तुझी
अक्का